वाचलेल्याचे ऋण

पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी २००३ साली उभारलेला कोमितासचा पुतळा मी पाहिला. या आर्मेनियन संगीतकाराच्या नावाबरोबर तेथे १९१५ च्या नरसंहारातील १५ लाख मृतांचेही स्मरण कोरले आहे. कोमितास मात्र त्या वर्षी मेला नव्हता. तीनशे जणांचा गायकवृंद चालविणारा, खेडोपाडीची गाणी टिपून ठेवणारा हा धर्मगुरू २४ एप्रिलला पकडला गेला आणि वजनदार माणसांच्या शब्दाने काही आठवड्यांत सुटला. सोबतच्या कितीतरी जणांसाठी असा शब्द टाकणारे कोणी नव्हते. पुढे त्याचे मन ढळले, संगीत सुटले ते कायमचे. १९३५ साली तो पॅरिसजवळच्या रुग्णालयात वारला. लोक याला वेड म्हणतात. मला वाटते, वाचल्याचे ऋण तो फेडीत असावा. पण हे ऋण त्याने का फेडावे? मारणाऱ्यांकडे कोणी मागितले होते?