अंधारातला दोर

 

दोर बघून "साप साप" ओरडणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच साप दिसतो. हा दृष्टांत सत्संगात आपण कितीदा ऐकलाय! पण दोराचा साप व्हायला अंधार लागतो. साथ म्हणजे तसाच अंधार. रोग डोळ्यांना दिसत नाही आणि मनाला तर करणारा कुणीतरी हवाच असतो. "आपोआप आलं" यापेक्षा "कुणीतरी मुद्दाम केलं" हे जिवाला सोपं वाटतं.

मोबाईल नव्हते तेव्हाही हेच झालं. 1896 साली मुंबईत प्लेग आला. इस्पितळात माणसं मारून तेल काढतात, राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं म्हणून ती सूड घेतेय, अशा वावड्या उठल्या. ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. त्यांना अडाणी म्हणून मोकळं होता येत नाही. पुढच्याच वर्षी पुण्यात गोरे शिपाई लोकांच्या घरांत शिरले, म्हणजे संशयाला जागा होतीच. त्याच 1897 मध्ये हाफकिनसाहेबांनी मुंबईत केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या.

कोरोनात "लस घेतली की दोन वर्षांत माणूस संपतो" हा मेसेज घरोघरी फिरला. निपाणीत विडी वळणाऱ्या भगिनींकडे आम्ही सेवेकरी गेलो, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "दोन वर्षांचं ऱ्हाऊ द्या वो ताई, दोन दिस ताप आला तर माझ्या विड्या कोण वळणार?" हजारी मजुरीवरचं घर ते! अफवेच्या पोटात ही काळजी होती. मग दोन दिवसांचा डबा आम्ही पोचवायचं ठरवलं आणि मावशी लस घ्यायला गेल्या.

मेसेजपेक्षा आपण पाठवणारा बघतो. मामांनी पाठवलाय ना, मग खराच! शिवाय जगाला ठाऊक नाही ते मला ठाऊक, हा सूक्ष्म अहंकारही सुखावतो. गुरुमाऊलींचा फोटो लावून काढ्याचे मेसेज फिरवणं तर फारच वाईट. फोटोने औषध खरं होत नाही.

कुणा वडीलधाऱ्यांचा असा मेसेज आला तर ग्रुपवर सगळ्यांदेखत त्यांना खोटं पाडू नये. फोन करून विचारावं, "काका, हे कुठनं आलं? तुम्हाला कशाची भीती वाटते?" बहुतेक वेळा बोलणं मेसेजवरून गुडघेदुखीवर येतं आणि मग रात्री घरात एकटं वाटतं, इथवर पोचतं.