निष्कामतेचा उपदेश

माझा एक जुना विद्यार्थी परदेशीं डॉक्टरेटनंतरचें संशोधन करीत आहे. तीन वर्षें खपूनहि हातीं कांहीं लागलें नाहीं, असें त्यानें कळविलें. मीं उत्तरीं निष्काम कर्माचा उपदेश धाडला. आणि तेव्हांपासून माझेंच मन मला खात आहे.

त्याचें काम काय, तें थोडक्यांत सांगतों. पेशीच्या पातळ आवरणांत निरोपाची वाट पाहणारीं प्रथिनें असतात. त्यांना ग्राहक म्हणतात. ॲड्रेनॅलिन येऊन चिकटलें कीं ग्राहकाचा आकार किंचित् पालटतो व पेशीच्या आंत निरोप पोंचतो. दम्यावरील साल्ब्युटामॉल अशाच ग्राहकावर काम करतें. ग्राहकाची घडण नेमकी दिसली, तर औषध त्याच्या मापानें घडवितां येईल, ही या शोधामागील आशा. परंतु आवरणांतून सोडविलेला ग्राहक लवकर विस्कटतो. ॲड्रेनॅलिनच्या एका ग्राहकाचें जनुक १९८६ सालीं हातीं आलें. त्या कामांत रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्याकडे उमेदवारी करणारे ब्रायन कोबिल्का होते. त्याची घडण दिसली ती मात्र २००७ सालीं! २०११ सालीं निरोप देत असलेल्या ग्राहकाचें चित्र मिळालें. त्या निबंधावर पहिलें नांव सोरेन रासमुसेन यांचें होतें, व त्यामागून इतर अनेकांचीं. २०१२ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक लेफ्कोविट्झ व कोबिल्का यांना मिळालें. तें योग्यच होतें; परंतु एक पारितोषिक तिघांहून अधिकांत वांटतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, कोबिल्काहि एके काळीं उमेदवारच होते; धीर धरला, फळ मिळालें. खरें. पण धीर धरूनहि ज्यांना यश आलें नाहीं, त्यांचें काय? कोणती वाट बंद आहे, हें त्यांच्याच अपयशानें पुढच्यांना कळलें. मुदतीच्या नेमणुकीवर तारुण्य खर्चणाऱ्या या मंडळींना 'ज्ञान हेंच फळ' असें सांगतों कोण? कायमच्या जागेवर बसलेले आम्हीच! पोटभर जेवून शेजाऱ्यास एकादशीचें माहात्म्य सांगण्यासारखेंच हें.

निष्कामता हें व्रत आहे, आणि व्रत ज्याचें त्यानें घ्यावयाचें असतें. फळाची आशा सोडावी कीं नाहीं, हें त्याचें त्यानें ठरवावें. त्याचें नांव, वेतन व स्थैर्य यांची चिंता वाहणें हें आमचें कर्म. त्यांतून आम्हांला सुटका नाहीं. असें दुसरें पत्र मीं आज लिहिलें आहे.