सहाध्यायांचा वाद

श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना भगवंतांनी वादकुशलांमधील ‘वाद’ मी आहे, असे म्हटले आहे. व्यवहारात वाद म्हणजे भांडण, म्हणून या वचनाने पुष्कळ वाचक अडखळतात. न्यायशास्त्रात मात्र सत्य कळावे म्हणून होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वपक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करणे ती वितंडा. हा वाद गुरू, शिष्य, सहाध्यायी अशा असूयारहित श्रेयार्थी जनांबरोबर करावा, असे गौतमांचे न्यायसूत्र सांगते.

हल्ली महाविद्यालयांत चौघा विद्यार्थ्यांनी मिळून एक प्रकल्प करावा लागतो. समजा, त्यांपैकी एकजण सायंकाळच्या बैठकांना कधीच आला नाही. त्याच्या वाट्याचे काम दुसऱ्याने रात्री जागून उरकले. आता अहवालातून त्याचे नाव गाळावे, असा दुसऱ्याचा आग्रह आहे. घरी आईवडील म्हणतात, “जाऊ दे, चार दिवसांचा प्रश्न आहे.” हा उपदेश प्रेमाचा खरा, पण राबणाऱ्यानेच सोसावे, अशा तडजोडीला शांती कसे म्हणावे?

येथे मध्यस्थीचा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे. लवाद निवाडा देतो, मध्यस्थ देत नाही. भारताच्या २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही मध्यस्थाने पक्षकारांवर तोडगा लादू नये आणि तेथील बोलणे गोपनीय राहावे, असे तत्त्व आहे. विद्यार्थ्यांचे भांडण न्यायालयापर्यंत जाण्याचे कारण नाही, पण तत्त्व तेच. मध्यस्थ प्रथम प्रत्येकाचे स्वतंत्रपणे ऐकतो, कारण चारचौघांत मनुष्य बहुधा जल्पच करतो. एकांतात कळते की, गैरहजर मुलगा शुल्कासाठी सायंकाळी दुकानात काम करतो. लाजेने त्याने सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. दुसऱ्याला त्याचे नाव गाळण्यापेक्षा आपले श्रम कोणीतरी ओळखावेत, एवढेच हवे असते. मग, त्यांच्या संमतीने, एवढे एकमेकांसमोर मांडले जाते. सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. उद्वेग न देणारे, पण सत्यही न सोडणारे असे ते बोलणे किती अवघड, हे अशा बैठकीत कळते.

मात्र गरिबी कळली म्हणून न केलेले काम केलेले ठरत नाही. पांडवांनी पाच गावांवर समाधान मानण्याची तयारी दाखविली, तेव्हा झालेला अन्याय अन्याय नव्हता, असे त्यांनी म्हटले नाही.

रॅगिंगसारख्या छळाला तर मध्यस्थीत मुळीच स्थान नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांप्रमाणे तेथे संस्थेनेच कारवाई करावयाची असते.

या चौघांत ठरू शकते ते एवढेच: बैठका सकाळी घ्याव्यात, उरलेली चाचणी आणि अहवालाचे लेखन गैरहजर राहिलेल्याने ठरल्या तारखेपर्यंत पुरे करावे, आणि कोणी काय केले ते अहवालात नावानिशी लिहावे. गुण देणे अध्यापकांकडेच राहते.