चार चुडांमधली गोळी

नाणे मावळातल्या एका आजींच्या खाचरात भाताची लावणी चालली होती. चारसूत्री पद्धतीत रोपांच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी बोटाने चिखलात खोचतात. खोल खोचायची, नाहीतर पावसाच्या पाण्याबरोबर खत वाहून जातं. आजी एकेक गोळी बी पेरावं तशी जपून घालत होत्या.

बांधावर बसून मी त्यांना ‘रुबीमार’ची हकीकत सांगितली. अमोनियम फॉस्फेट सल्फेट या खताने भरलेलं हे मालवाहू जहाज. १८ फेब्रुवारी २०२४ ला येमेनजवळ त्यावर हौथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र आदळलं. खलाशी वाचले. जहाज तेल सांडत तरंगत राहिलं, तेलाचा तवंग २९ किलोमीटर पसरला आणि २ मार्चला ते सुमारे २१ हजार टन खतासकट तांबड्या समुद्रात बुडालं. एवढं खत पाण्यात उतरलं तर शेवाळ माजतं, ते कुजताना प्राणवायू संपतो आणि मासळी गुदमरते. कुणाच्या तरी शेतात जे अन्न झालं असतं, ते तिथे विष होतं.

“मग ते काढायचं कुणी?” आजींनी विचारलं.

मला उत्तर देता येईना. तेलगळती आणि बुडालेली जहाजं यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारांत जबाबदारी जहाजाच्या मालकावर आहे, पण नुकसान युद्धामुळे झालं असेल तर तो सुटतो. त्याच्या बाजूने पाहिलं तर हे रास्तही आहे, क्षेपणास्त्र त्याने सोडलेलं नाही. पण ज्याने सोडलं, त्याच्या दारात येमेनचा कोळी भरपाई मागायला जाऊ शकेल का? आणि गेला तर जिवंत परत येईल का?

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता, कारण आम्हा लोणावळेकरांना समुद्र घाटाखालचा, परका वाटतो. वास्तविक आमच्या वळवणच्या तलावातलं पाणी खोपोलीच्या वीजघरातून पाताळगंगेत आणि तिथून धरमतरच्या खाडीत उतरतं.

बुडालेल्या जहाजांची एक गोष्ट मात्र मला पाठ होती. गोव्यातल्या मुरगाव बंदरात ९ मार्च १९४३ च्या रात्री ब्रिटिशांचा छापा पडला, तेव्हा आश्रयाला थांबलेली तीन जर्मन आणि एक इटालियन व्यापारी जहाजं त्यांच्याच खलाशांनी जाळून बुडवली. त्यावर १९८० साली ‘द सी वुल्व्ज’ हा चित्रपट निघाला. ही कथा मी तरुणपणापासून शौर्यकथा म्हणून ऐकत आणि सांगत आलो. त्या रात्री बंदराच्या पाण्यात काय काय मिसळलं, ते कुणी उपसलं, हे मी एकदाही विचारलं नाही.

आजींनी पहिल्याच दमात विचारलं.