सोंगाची लाज

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणीचा रोख गरिबीवर आहे, पण तिच्यात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. सोंगाला कुठेतरी हद्द असते. काही गोष्टी अंगातच असाव्या लागतात, आणि बोटांतली पकड ही त्यातलीच एक. राक्षसाचा मुखवटा लावला म्हणून भिंतीवरची बोटभर कड हाताला मोठी होत नाही. मग जिथे सोंगाचा काडीचा उपयोग नाही, उलट अडचणच आहे, तिथे माणसं मुद्दाम सोंग घेऊन का जातात? आणि एकदा सोंग घेतल्यावर त्या सोंगाचं आपण काही देणं लागतो का?

हा प्रश्न आमच्या घरात आला तो बोल्डरिंगमुळे. बोल्डरिंग म्हणजे दोराशिवाय केलेलं छोट्या उंचीचं प्रस्तरारोहण. बंदिस्त जागेतल्या भिंती साधारण चार-साडेचार मीटर उंच असतात, खाली जाड गाद्या अंथरलेल्या असतात आणि भिंतीवर रंगीबेरंगी होल्ड ठोकलेले असतात. चढाईच्या प्रत्येक वाटेला या खेळात 'प्रॉब्लेम' म्हणतात, आणि ते नाव योग्यच आहे. ताकदीइतकंच डोकं चालवावं लागतं. या खेळाला आधुनिक रूप देणाऱ्यांत ज्याचं नाव अग्रक्रमाने घेतलं जातं तो अमेरिकेचा जॉन गिल जिम्नॅस्ट होता आणि पेशाने गणिताचा प्राध्यापक. आपल्याकडेही हा खेळ नवखा राहिलेला नाही. 2016 साली बोल्डरिंगच्या विश्वचषक मालिकेतली एक फेरी नवी मुंबईत झाली, ती गिरिविहार या जुन्या गिर्यारोहण संस्थेच्या पुढाकाराने. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे 2021 साली, क्रीडा-आरोहण पहिल्यांदा पदकांच्या यादीत आलं.

परदेशातल्या अनेक क्लाइंबिंग जिममध्ये हॅलोविन किंवा कार्निव्हलच्या दिवसांत वेशभूषा करून चढण्याच्या स्पर्धा होतात. माझी भाची म्युनिकला शिकते. तिथे फेब्रुवारीच्या सुमाराला फाशिंगचा सण असतो, आणि तेव्हाच्या अशाच एका स्पर्धेत तिने नाव दिलं होतं. जानेवारीत ती मनीषनगरला घरी आली ती तयारीची यादी घेऊनच. सोंग ठरलेलं होतं : हिरकणी.

तिच्या आईला कल्पना फार आवडली. आजीला, म्हणजे माझ्या आईला, अजिबात नाही. "खेळ नाही नं तो, बाई," ती म्हणाली. "पोर घरी उपाशी होतं तिचं."

आईची हरकत मला हसण्यावारी नेता आली नाही. हिरकणीची गोष्ट आख्यायिका आहे हे मान्य. कोजागिरीचा दिवस, रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सांजेला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ, आणि मग अंधारात कडा उतरून जाणं. आख्यायिका असली तरी तिच्यातलं भय खरं आहे. त्या बाईच्या खाली गादी नव्हती. तिच्या जिवावरच्या प्रसंगाचा आपण संध्याकाळच्या करमणुकीसाठी पोशाख करायचा का?

नागपूरकरांना हा प्रश्न वेगळ्या रूपात ओळखीचा असायला हवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे तान्हा पोळा भरतो. लाकडी बैल घेऊन पोरं मैदानात येतात. कुणी धोतर-पागोट्यातला शेतकरी, काजळाने काढलेल्या मिशा, खांद्यावर खेळण्यातला नांगर. उत्तम सजवलेल्या बैलाला बक्षीस, उत्तम वेशभूषेला बक्षीस. मनीषनगर, बेसा, बेलतरोडी या बाजूला लेआउट पडत गेले आणि शेतं मागे सरकली. त्या लेआउटमधल्या पोरांनी, विदर्भातल्या शेतकऱ्याचं काय चाललं आहे हे ठाऊक असलेल्या आईबापांच्या हातून, शेतकरी म्हणून सजायचं, यात काही खटकण्यासारखं आहे का?

माझ्या मते सोंगात अपमान नसतो. अपमान असतो तो ज्याचं सोंग घेतलं त्याच्याबद्दल काही जाणून घेण्याची गरज न वाटण्यात. तान्हा पोळा सुरू झाला तेव्हा पोरांचा बैल लाकडाचा होता, पण आदल्या दिवशी पुजलेला बैल बहुतेकांच्या दारात खरा होता. खेळ हा कामाच्या शेजारी उभा होता. आता काम दिसेनासं झालं आणि पोशाख तेवढा उरला. म्हणून पोशाख सोडून द्यावा असं मी म्हणणार नाही. मिशा काढून झाल्यावर पोराने "हा माणूस सकाळी किती वाजता उठतो?" असं विचारलं, तर उत्तर देता यावं, एवढीच माझी अपेक्षा आहे.

दुसरी हरकत माझी स्वतःची होती. वेशभूषेत चढणाऱ्याला हरण्याचं कारण तयारच मिळतं. पदर अडकला, टोप डोळ्यांवर आला. स्टीव्हन बर्ग्लस आणि एडवर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना न सुटणारी कोडी दिली आणि तरीही 'छान सोडवलीत' असं सांगितलं. पुढच्या चाचणीआधी त्यांना दोन औषधांतून निवड करायची होती : एक कामगिरी सुधारणारं, दुसरं बिघडवणारं. आपलं यश कशामुळे आलं हेच ज्यांना कळलं नव्हतं, त्यांच्यातल्या पुरुषांचा ओढा बिघडवणाऱ्या औषधाकडे दिसला. पुन्हा जमलं नाही तर दोष औषधाचा. नाचता येईना अंगण वाकडं, हे आपल्याला ठाऊक आहे. इथे माणूस नाचण्याआधीच स्वतःच्या हाताने अंगण वाकडं करून ठेवतो. सोंग असं ढाल म्हणून घेतलं तर ती स्वतःशी केलेली लबाडी आहे.

या दोन्ही हरकतींना बहुरूप्याच्या एका जुन्या लोककथेत उत्तर सापडतं. ती देशभर निरनिराळ्या तऱ्हेने सांगतात. बहुरूपी साधू होऊन गावाबाहेर बसतो. राजा येतो, पायाशी मोहरा ठेवतो. साधू त्यांना हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी तोच माणूस दरबारात येऊन बक्षीस मागतो. काल एवढं धन का नाकारलंस, असं राजा विचारतो. तो सांगतो, काल मी साधू होतो. मोहरा घेतल्या असत्या तर त्या वेशाला बट्टा लागला असता. सोंग घेणं आणि सोंग वठवणं यांत हा फरक आहे. वठवायचं तर त्या वेशाचे नियम पाळावे लागतात, त्यात आपला तोटा होत असला तरी.

भाचीने नेमकी इथून तयारी केली. नऊवारी घट्ट कासोट्याने नेसली, पदर कमरेला आवळून खोचला आणि गच्चीतल्या लोखंडी पाइपला लटकून पाय किती वर येतो ते पाहिलं. कासोट्यामुळे पाय मोकळा राहतो. त्या बाबतीत नऊवारी चांगलीच सोयीची निघाली. बांगड्या आणि अंगठी वर्ज्य, कारण होल्डमध्ये अडकली तर बोट सोलून निघतं. दुधाची चरवी भिंतीवर न्यायची नाही, खाली कुणाच्या डोक्यात पडेल. दर सराव लुगड्यातच करायचा, म्हणजे स्पर्धेच्या दिवशी लुगड्याला दोष द्यायला जागा उरणार नाही.

मग तिच्या लक्षात आलं की हिरकणी चढली नव्हती, उतरली होती. बोल्डरिंगमध्ये शेवटचा होल्ड दोन्ही हातांनी धरून स्थिर झालात की गुण मिळाले. पुढे उडी मारा नाहीतर उतरा, कुणी मोजत नाही. उतरणं चढण्यापेक्षा अवघड असतं, कारण पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही आणि दमलेल्या बोटांवर सगळा भार येतो. तिने ठरवलं, प्रत्येक प्रॉब्लेम पुरा झाल्यावर उडी मारायची नाही, भिंतीनेच खाली यायचं. त्याला गुण नाहीत, आणि पुढच्या चढाईसाठी राखायची ताकद त्यात खर्च होणार.

एवढ्याने आईचं पूर्ण समाधान झालं नाही. ती एवढंच म्हणाली, "उतर. पण खाली गादी आहे, हे ध्यानात ठेव."

सोंगाच्या नीतीबद्दल याहून नेमकं मला सांगता येणार नाही. दुसऱ्याचा वेश घ्यावा, त्याचे नियम आपल्या अंगावर झेलावेत, त्यापायी थोडं हरावंही. पण तेवढ्याने आपल्याला त्याचं दुःख कळलं असा समज करून घेऊ नये. गादी आपल्या खाली आहे, त्याच्या खाली नव्हती. हे अंतर जो लक्षात ठेवतो त्याला सोंग शोभतं.