पात्र आणि पात्रता

'पात्र' हा शब्द मराठीत तीन अर्थांनी वावरतो. ज्यात काही साठवायचे ते भांडे म्हणजे पात्र; नाटकात जे रंगभूमीवर येते ते पात्र; आणि एखाद्या गोष्टीस जो लायक ठरतो तोही पात्र. हे तीन अर्थ एकमेकांपासून फार दूर नाहीत. माणसात काय भरले आहे, तो कोण म्हणून उभा राहतो आणि कशास लायक ठरतो, हे वस्तुतः एकाच प्रश्नाचे तीन भाग होत. या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका खेळाच्या नियमांवरून करणार आहोत.

खेळाच्या नियमांवरून नीतीचा विचार करणे काही वाचकांस पोरकट वाटेल. परंतु कौरवसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न मुळात खेळाच्या नियमाचाच होता, हे विसरून चालणार नाही. जो स्वतःस हरला त्यास दुसऱ्यास पणास लावण्याचा अधिकार उरतो काय, एवढेच तिने विचारले. आणि सभेतील थोर थोर मंडळींस त्याचे उत्तर देता आले नाही. नियम पटावरचा असला तरी त्याच्या मुळाशी माणसामाणसांतील न्यायाची काहीतरी कल्पना असतेच.

आम्ही म्हणतो तो खेळ अमेरिकेतला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन या दोघांनी रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' 1974 साली प्रसिद्ध झाला. चारपाच मंडळी मेजाभोवती बसतात. एकजण संचालक होऊन अद्भुत जगाचे वर्णन करतो, आणि बाकीचे प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेऊन आपण काय करतो ते सांगतात. यश की अपयश, ते फासा ठरवतो. पण कथा सुरू होण्यापूर्वी प्रत्येकास आपले पात्र निर्माण करावे लागते, आणि त्यासाठी बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि दुसऱ्यावर छाप पाडण्याची शक्ती असे सहा गुण आकड्यांनी मोजले जातात.

हे आकडे यावेत कोठून? मूळ नियम असा की प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकावेत आणि जी बेरीज येईल ती क्रमाने मांडून घ्यावी. तीन ते अठरा यांमधील काहीही पडू शकते. अठरा पडण्याचा संभव 216 मध्ये एक, आणि तीन पडण्याचाही तितकाच. योद्धा होण्याची हौस असणाऱ्यास बळ सहा पडले तर त्याने आपली हौस बदलावी. 1979 च्या संचालक-ग्रंथात नियम सौम्य झाला: चार फासे टाकावेत, सर्वांत लहान आकडा सोडून द्यावा आणि आलेल्या बेरजा हव्या त्या गुणांस लावाव्यात. दैवाचा अंमल राहिला, पण त्याची धार बोथट झाली.

घरच्या बैठकीत हे सर्व ठीक चालते. एकाचे पात्र भीमासारखे आणि दुसऱ्याचे किरकोळ निघाले तरी मंडळी ओळखीची असतात. संचालक दुबळ्यास सांभाळून घेतो आणि थट्टामस्करीत विषमता विरून जाते. अडचण उभी राहते ती खेळ संघटित झाल्यावर. 1980 साली या खेळाडूंची एक संघटना स्थापन झाली आणि पुढे अशी कल्पना रूढ झाली की एकदा निर्माण केलेले पात्र घेऊन खेळाडूने कोणत्याही गावी, कोणत्याही मेजावर, अनोळखी मंडळींत जाऊन बसावे. 2000 ते 2008 या काळात चाललेल्या 'लिव्हिंग ग्रेहॉक' या उपक्रमात तर काल्पनिक जगाचे प्रांत खऱ्या जगातील देशांस व राज्यांस वाटून दिलेले होते. आता परक्या गावचा खेळाडू सहा गुणांपैकी चारांत अठरा असलेले पात्र घेऊन आला आणि 'हे फाशांनीच दिले' असे म्हणाला, तर त्याचा शब्द खरा मानावा की खोटा? खरा मानावा तर इतरांवर अन्याय. खोटा मानावा तर पाहुण्याचा अपमान.

यावर संघटित खेळाने काढलेला मार्ग आमच्या वाचकांच्या अगदी परिचयाचा वाटेल. फासा रद्द आणि हिशेब सुरू! 2014 साली सुरू झालेल्या 'ॲडव्हेंचरर्स लीग'मध्ये दोनच मार्ग ठेवले गेले. एक, 15, 14, 13, 12, 10, 8 हे ठरीव आकडे घ्यावेत आणि हवे तसे वाटावेत. दुसरा, प्रत्येकास 27 गुणांक मिळतात, त्यांतून आपले पात्र 'विकत' घ्यावे. आठपर्यंतचा गुण फुकट, तेरास पाच, चौदास सात, पंधरास नऊ. पंधरावर कोणी जाऊ नये. ज्यास तीन गुण पंधरापर्यंत न्यायचे आहेत त्याचे सत्तावीस तेथेच संपतात आणि उरलेले तीन गुण आठावर राहतात. वरच्या ठरीव आकड्यांची किंमत मांडून पाहिली तर तीही बरोबर 27 भरते. त्यांची बेरीज 72 आहे, आणि चार फाशांच्या रीतीने सहा गुणांची सरासरी बेरीज 73 च्या थोडी वर येते. म्हणजे निश्चितीसाठी खेळाडू दैवास फारच थोडी किंमत मोजतो.

'पाथफाइंडर सोसायटी' या 2008 च्या संघटनेनेही गुण विकत घेण्याचीच पद्धत स्वीकारली, आणि प्रत्येक बैठकीनंतर संचालकाच्या सहीचा एक कागद खेळाडूच्या हाती देण्याची प्रथा पाडली. पात्राने काय मिळवले आणि काय गमावले, ते त्यावर नोंदलेले असते. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्यांस याहून जास्त सांगावयास नको. सेवापुस्तक आणि अखेरच्या वेतनाचा दाखला घेऊन नव्या ठिकाणी रुजू होणारा अधिकारी असाच अनोळखी मेजावर जाऊन बसतो. गावी त्यास 'अमक्याचा मुलगा' म्हणून ओळखणारे असतात. येथे त्याच्यामागे फक्त कागद असतो. कागदास निर्जीव म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आमचे मत वेगळे आहे. जेथे ओळख नाही तेथे नियम हाच विश्वासाचा आधार होय. सर्वांस समान सत्तावीस देणारा नियम कोणासही खोटे ठरवत नाही, कारण तो कोणाच्याही शब्दावर अवलंबून राहत नाही. ही त्याची पहिली नैतिक थोरवी.

परंतु म्हणून फाशात न्याय नाही असे मात्र कोणी समजू नये. कांचीपुरमजवळच्या उत्तरमेरूर येथे दहाव्या शतकातील चोळांचे शिलालेख आहेत. गावच्या समित्यांवरील माणसे कशी निवडावीत ते त्यांत सांगितले आहे. नावे लिहिलेली ताडपत्रे घागरीत टाकावयाची आणि एका अजाण मुलाच्या हातून एकेक काढवावयाची. परंतु घागरीत नाव पडण्यापूर्वी वय, जमीन, घर, अध्ययन आणि पूर्वीच्या कारभाराचा चोख हिशेब यांची तपासणी होत असे. आधी पात्रता, मग पात्र! चिठ्ठीसमोर सर्व सारखे असतात, कारण चिठ्ठी कोणाचा चेहरा पाहत नाही. दैव आणि समता ही एकमेकांची वैरी नव्हेत. फाशापुढे सर्वांची आशा समान असते, हिशेबात सर्वांची प्राप्ती समान असते, आणि न्यायाची ही दोन रूपे भिन्न आहेत एवढेच.

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. हिशेबाने निर्माण केलेल्या पात्राचा धनी असे समजू लागतो की, 'जे मी आहे ते मी निवडले.' खेळात ते खरेच आहे. जीवनात ते खरे आहे काय? जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1971 साली प्रसिद्ध झालेल्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या ग्रंथात असे प्रतिपादन केले की निसर्गदत्त गुण कोणीही कमावलेले नसतात. इतकेच नव्हे तर कष्ट करण्याची वृत्तीदेखील घरच्या आणि भोवतालच्या परिस्थितीवर पुष्कळशी अवलंबून असते. रॉबर्ट नॉझिकने 1974 साली, म्हणजे हा खेळ निघाला त्याच वर्षी, उलट बाजू मांडली: गुण कमावलेले नसले तरी ते ज्याचे आहेत त्याचेच आहेत, आणि त्यांचे फळही त्याचेच. आपल्याकडे अनुशासनपर्वात युधिष्ठिराने भीष्मास विचारले की दैव थोर की पुरुषप्रयत्न. भीष्माने सांगितलेल्या संवादात बीज आणि शेत यांचा दृष्टांत येतो: शेत म्हणजे प्रयत्न, बीज म्हणजे दैव, आणि पीक दोहोंच्या संयोगाने. या दृष्टांतात नॉझिकचे शेतही आहे आणि रॉल्सचे बीजही आहे. परंतु परीक्षेत यशस्वी होऊन वर चढलेल्या माणसास आपले शेत तेवढे दिसते. बीज कोणी दिले, पाट कोणी काढला, घरात दिवा कोणी जागता ठेवला, हे तो विसरतो. सत्तावीस गुणांक सर्वांसच मिळाले होते असे त्यास मनापासून वाटत असते.

समान गुणांकांनी समान आरंभ होतोच असेही नाही. या खेळाच्या 1978 च्या नियमग्रंथात स्त्री-पात्राच्या बळास पुरुष-पात्राहून खालची मर्यादा घातलेली होती. ती 1989 च्या आवृत्तीत गेली. पात्र कोणत्या वंशात जन्मले यावरून गुणांत वाढ-घट होत असे. 2020 मध्ये ती वाढ इच्छेप्रमाणे फिरवण्याची मुभा मिळाली, आणि 2024 च्या ग्रंथात ती वंशापासून सोडवून पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली गेली. हस्तिनापूरच्या रंगभूमीवर कर्णाची विद्या पाहून झाल्यावर कृपाने त्याचे कुळ विचारले, तेथे हाच प्रश्न उभा होता. गुणांची बेरीज पुरेशी असूनही जन्माने घातलेली मर्यादा आड आली. एका करमणुकीच्या खेळास ही मर्यादा काढण्यास चार दशकांहून अधिक काळ लागला. समाजास अधिक वेळ लागतो यात नवल नाही. पण जेथे ती शिल्लक आहे तेथे 'नियम सर्वांस सारखा' असे म्हणणे ही केवळ शब्दांची समता होय.

हिशेबी पद्धतीत आणखी एक दोष आहे, आणि आमच्या मते तोच अधिक खोल आहे. खेळाडू चतुर असतो. ज्या गुणाची आपल्या भूमिकेत परीक्षा होणार नाही तो गुण तो आठावर ठेवतो आणि वाचलेले गुणांक हव्या त्या जागी लावतो. योद्ध्यास बुद्धी कशास, आणि पंडितास बळ कशास? स्वतः निवडलेले वैगुण्य हे वैगुण्यच राहत नाही. तो एक व्यवहार होतो. तीन फाशांच्या जुन्या पद्धतीत उणेपणा जेथे पडेल तेथे पडे, आणि त्यासह पात्रास जगावे लागे. पुष्कळदा अशी वेडीवाकडी पात्रेच मंडळींच्या स्मरणात राहत. हे केवळ खेळापुरते नाही. ज्या गुणाची मोजणी होते तोच गुण माणसे वाढवतात, आणि ज्याची होत नाही तो आठावर राहतो. निवडपरीक्षेत आणि वार्षिक अहवालात तत्परता मोजता येते, लेखनशुद्धी मोजता येते. दारात ताटकळलेल्या म्हाताऱ्यास आत बोलावून खुर्ची देण्याची बुद्धी कोणत्या रकान्यात लिहावयाची? रकाना नसला म्हणून तो गुण अनावश्यक ठरत नाही. चांगला संचालक दुर्लक्षित गुणाचीही कथेत कधीतरी परीक्षा घेतो. आयुष्यही घेते, आणि तेव्हा हिशेब उलगडतो.

दुष्ट पात्रांवरील बंदीचाही येथेच निर्देश करू. संघटित खेळात दुष्ट प्रवृत्तीची पात्रे बहुधा चालत नाहीत. 'ॲडव्हेंचरर्स लीग'च्या पहिल्या काळात नियम पाळणाऱ्या दुष्टास, तोही दोन विशिष्ट गटांचा सभासद असेल तरच, प्रवेश होता. काहींचा आक्षेप असा की सक्तीच्या सज्जनपणास सद्गुण कसे म्हणावे. आक्षेप खरा आहे, पण गैरलागू आहे. हा नियम कोणास सद्गुणी करण्यासाठी नाही. परक्या मेजावर बसलेल्या नवख्याची दुपार कोणी नासवू नये, एवढ्यासाठी आहे. आचारनियमांकडून याहून अधिकाची अपेक्षा करू नये, आणि ते पाळले म्हणून कोणी स्वतःस थोरही समजू नये.

मग फासा श्रेष्ठ की हिशेब? प्रश्न असा एकेरी घातला तर त्याचे उत्तर मिळत नाही. तो कोणाकडे पाहताना विचारला जात आहे, यावर सर्व अवलंबून आहे. दुसऱ्यास त्याचा वाटा देताना हिशेबच हवा. तेथे दैवाचे नाव घेणे म्हणजे आपल्या हातातील काम नशिबावर ढकलणे होय. 'त्याच्या कपाळी नव्हते' हे वाक्य अर्ज निकालात काढणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. उलट स्वतःच्या प्राप्तीकडे पाहताना फासा आठवावा. आपल्या आकड्यांपैकी किती आपण मोजून घेतले आणि किती जन्मापूर्वीच कोणी टाकून ठेवले होते, याचा प्रामाणिक विचार ज्याने केला त्यास गर्व फारसा परवडत नाही.

जगाची रीत मात्र बरोबर याच्या उलट आहे. माणूस स्वतःच्या यशाचा हिशेब मांडतो आणि दुसऱ्याच्या अपयशास फाशाकडे बोट दाखवतो. ज्यांच्या सहीने इतरांचे आरंभ ठरतात, त्यांनी तरी ही अदलाबदल होऊ देता कामा नये. परमुलखात, परक्या भाषेच्या लोकांमध्ये, ज्यांचे कूळ-गाव आपणास ठाऊक नाही आणि ज्यांस आपले ठाऊक नाही, अशांच्या कारभारात बसलेल्या माणसाची पात्रता शेवटी यावरूनच ठरावयाची आहे.