फळ्यावरचे चित्र आधी पुसा

यशवंतपूरच्या बाजार समितीत आपल्याकडचा कांदा उतरतो आणि तिथल्या स्थानकावरून पंढरपूरची गाडी सुटते. बेंगळुरूचा हा भाग मराठी माणसाला अगदीच परका नाही. कांद्याची पोती उतरवणारे, जवळच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत राबणारे, इमारतींवर विटा वाहणारे लोक कलबुर्गी-रायचूरहून, आंध्र-तमिळनाडूतून, थेट बिहारमधूनही येतात. त्यांची मुले जवळच्या सरकारी शाळेत पहिलीला बसतात. कुणाच्या घरात तेलुगू, कुणाच्या तमिळ, कुणाच्या दखनी उर्दू. शाळा मात्र कन्नड. मग ते मूल सुरुवातीचे कित्येक दिवस गप्प राहते आणि आपण मोठी माणसे त्या गप्पपणाला मंदपणा समजतो.

त्याच्या हातात कोळसा आणि रद्दीतला पाठकोरा कागद द्यावा. ते ट्रक काढील, ट्रकवर बाप काढील, आणि बाप ट्रकहून मोठा काढील. शाळेच्या भाषेतला एक शब्दही न येता त्याने आपले घर सांगितलेले असेल. प्राथमिक शाळेतली चित्रकला मला याचसाठी महत्त्वाची वाटते. तिचे काम चित्रकार घडवणे हे नाही. बोलता न येणाऱ्या मुलाला वर्गात बोलण्याची जागा देणे, हे तिचे पहिले काम आहे.

आपण मात्र ती जागा भरून टाकतो. फळ्यावर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि नारळाचे झाड. चाळीस वह्यांत तेच चित्र उतरते. ज्याने आयुष्यात नारळाचे झाड पाहिलेले नाही तोही ते काढतो आणि ‘छान’चा शेरा मिळवतो. हे दृश्य यशवंतपुरात दिसेल तसेच सोलापुरात आणि पुण्यातही. चित्रकलेचा तास झाला अशी नोंद होते, पण त्या तासात एकाही मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिलेले नसते.

मूल चुकीचे काढते म्हणून त्याला नमुना द्यावा लागतो, असे शिक्षक प्रामाणिकपणे मानतात. इथेच मोठा गैरसमज आहे. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेले शिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली आपल्या ग्रंथात बालचित्रांच्या अवस्था मांडल्या. आधी रेघोट्या; चार ते सात या वयात आकारांचा शोध; मग सात ते नऊच्या सुमारास कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते आणि सगळे जग तिच्यावर उभे राहते. घराच्या भिंतीतून आतली माणसे दिसतात, आवडते माणूस घराएवढे होते. यातले काहीच चूक नाही. मुलाला जे ठाऊक असते ते ते काढते. नुसते दिसते तेवढ्यावर ते थांबत नाही. वारली चित्रातला तारपा नाच आठवा. नाचाचे वेटोळे वरून पाहिलेले आणि त्यातली माणसे बाजूने. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपण ज्या नजरेचा गौरव केला, तशाच नजरेवर वर्गात आपण लाल शाई फिरवतो.

नववे-दहावे वर्ष उलटताना चित्र खऱ्यासारखे दिसावे असे मुलालाच वाटू लागते. तोवर नमुन्यांची सवय लागलेले मूल इथे ‘मला चित्र येत नाही’ म्हणून वही मिटते. बहुतेक मोठ्या माणसांची चित्रकला त्याच वयात संपलेली असते.

आपल्या मातीत याचा विचार झाला नव्हता असे नाही. अक्षरे गिरवण्याआधी मुलाला चित्र काढायला शिकवावे, पक्षी-फुले पाहावीत तशी अक्षरे पाहू द्यावीत, हे गांधीजींनी आत्मचरित्रात स्वतःच्या वाईट हस्ताक्षराबद्दल लिहिताना सांगितले आहे. 1937च्या वर्धा परिषदेतून नयी तालीम ही त्यांची शिक्षणपद्धती उभी राहिली, आणि शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवीप्रसाद 1944 साली सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले. पुढची सुमारे अठरा वर्षे ते तिथल्या मुलांसोबत राहिले. मुलाचे चित्र हे मुलाचेच राहिले पाहिजे, आणि कला हा शिक्षणाच्या कडेचा नव्हे तर पायाचा विषय आहे, ही त्यांची भूमिका. वर्ध्यात घडलेले हे काम महाराष्ट्रातल्या किती अध्यापक विद्यालयांत शिकवले जाते, असा प्रश्न विचारावासा वाटतो.

कायद्यानेही खालच्या वर्गांकडे पाठ फिरवली आहे. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही शंभराहून अधिक मुले असतील तरच. पहिली ते पाचवीसाठी काहीच नाही. म्हणजे मुलाच्या चित्राचा सर्वांत भरभराटीचा काळ वर्गशिक्षकाच्या हाती आहे, आणि त्या शिक्षकाला मुलाचे चित्र कसे पाहावे हे कुणी शिकवलेले नाही.

कर्नाटकाने याबाबतीत दोन गोष्टी करून दाखवल्या. 1995 साली म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ‘नली-कली’ ही अध्यापनपद्धती सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. तिच्या वर्गात मुलांच्या उंचीवर भिंतीचे फळे असतात आणि डोक्यावर ताणलेल्या दोऱ्यांना मुलांचे काम टांगतात. दुसरी गोष्ट बेंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स या संस्थेची. तिचा ‘कली-कलिसु’ हा उपक्रम 2009पासून सरकारी शाळांच्या शिक्षकांबरोबर काम करतो आहे. शाळेच्या आसपासची कला आणि रोजचा धडा यांची सांगड शिक्षकानेच घालावी, हा त्यामागचा विचार. तो मला मनापासून पटतो, कारण बाहेरून आठवड्याला येणाऱ्या कलावंतापेक्षा रोज भेटणारी बाई त्या मुलाला जास्त ओळखते. एनसीईआरटीने 2024 साली तिसरीसाठी ‘बाँसुरी’ हे कलेचे पुस्तक काढले, हेही चांगले झाले. पण पुस्तक आले तरी फळ्यावरचे डोंगर तसेच राहिले, तर काय उपयोग?

मग शिक्षकाने काहीच शिकवू नये का? अवश्य शिकवावे. ब्रश कसा धुवायचा, दोन रंग मिसळून तिसरा कसा होतो, माती किती मळली म्हणजे भेगा पडत नाहीत, हे सगळे दाखवावे. साधन शिकवावे, आकार शिकवू नये. यशवंतपुरात तर साहित्याची वाण नाही. बाजारातली कांद्याची टरफले उकळली की पिवळा-तपकिरी रंग मिळतो, फाटक्या पोत्याला लावून ठसे उमटवता येतात. रंगपेटी नाही म्हणून तास बुडाला, ही सबब चालणार नाही.

आणि पहिली ते पाचवीच्या मुलांच्या चित्रकला स्पर्धा बंद कराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा मोठ्या मुलांसाठी आहेत, त्या राहू द्या. सात वर्षांच्या मुलाने आईला घराएवढे काढले, त्याला कितवा क्रमांक देणार?

पहिलीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या चित्रकलेच्या तासाला फळा कोरा ठेवा. मुलांना काढू द्या, मग प्रत्येकाजवळ बसून ‘हे काय आहे, सांग’ एवढेच विचारा. मूल जे सांगेल ते त्याच्याच भाषेत चित्राखाली लिहून घ्या. ती भाषा तुम्हाला येत नसेल तर वर्गातल्या दुसऱ्या मुलाची मदत घ्या.